नोटा जिंकला तर फेरनिवडणूक? लोकसभेला तरी नाही

दर इलेक्शनला तो मेसेज फिरतोच, की नोटाला (म्हणजे मतदान यंत्रावरचं ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण) सगळ्यात जास्त मतं पडली तर सगळे उमेदवार बाद आणि परत निवडणूक. लोकसभेला असं काही होत नाही हो!

इंदूरचंच बघा, आपली कितीतरी मराठी माणसं होळकरांच्या काळापासून तिथे आहेत. 2024 ला काँग्रेसच्या उमेदवाराने शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला, मग काँग्रेसनेच लोकांना सांगितलं की नोटा दाबा, आणि लोकांनी दाबलं पण, तब्बल 2,18,674 मतं. झालं काय तर भाजपचे शंकर लालवानी 12,26,751 मतं घेऊन निवडून आले आणि त्यांचं लीड मोजलं गेलं बसपाच्या उमेदवारापासून, ज्याला 51,659 मतं होती. म्हणजे नोटा दुसऱ्या नंबरवर असून हिशोबातच नाही. समजा नोटाला लालवानींपेक्षा जास्त पडली असती तरी खासदार तेच झाले असते, कारण उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मतं तो विजयी. डिपॉझिट जप्त करायचं गणित मांडतानापण नोटा धरत नाहीत.

2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने फक्त बटण मिळालं, ते पण गुप्तपणे नकार देता यावा म्हणून.

आपल्या महाराष्ट्रात गोंधळ जास्त का, तर राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये खरंच फेरनिवडणुकीचा आदेश काढला होता, पण तो महापालिका, नगरपालिका अशा स्थानिक निवडणुकांपुरता. मेसेजवाल्यांनी तेवढाच शब्द गाळला.