आपत्ती-जोखीम व्यवस्थापन आणि विकास : नागपूर

पूर, भूकंप, दुष्काळ, उष्णतेची लाट, वीज यांसारख्या संकटांनी होणारी हानी, संकट येण्याआधीच कमी करण्याच्या नियोजनाला आपत्ती-जोखीम व्यवस्थापन म्हणतात. बचाव, मदत आणि पुनर्वसन हे त्याचे डोळ्यांना दिसणारे भाग. खरे काम त्याआधीचे. रस्ता कुठून न्यायचा, तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याची वाट, किती रुंद ठेवायचा, नदीकाठच्या लेआऊटला (प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीला) मंजुरी द्यायची की नाही, हे निर्णय त्यात मोडतात. पाऊस निसर्गाचा, त्याचे पाणी कोणाच्या घरात शिरेल हे बऱ्याच अंशी माणसे ठरवतात. म्हणूनच या क्षेत्रातले जाणकार ‘नैसर्गिक आपत्ती’ हा शब्दप्रयोग शक्यतो टाळतात. धोका कोणता, त्याच्या वाटेत कोण आहे आणि ते सोसण्याची त्याची ताकद किती, या तिन्हींवर जोखीम ठरते.

संयुक्त राष्ट्रांनी 1990 ते 1999 हे दशक आपत्ती-निवारणाचे म्हणून पाळले. त्यातून 1994 ची योकोहामा रणनीती, 2005 चा ह्योगो आराखडा आणि 18 मार्च 2015 रोजी स्वीकारलेला सेंदाई आराखडा अशी परंपरा उभी राहिली. तिन्ही परिषदा जपानात झाल्या, हा योगायोग नव्हे. सेंदाई आराखडा 2030 पर्यंतचा असून त्यात मृत्यू, बाधितांची संख्या, आर्थिक नुकसान, पायाभूत सुविधांची हानी यांसह 7 उद्दिष्टे आहेत. एवढे करूनही पैशाचा ओघ संकटाच्या मागूनच येतो. 1991 ते 2010 या वीस वर्षांत जगभर दिल्या गेलेल्या विकास-मदतीतल्या दर 100 डॉलरमागे सुमारे 40 सेंटच जोखीम आधी कमी करण्यावर खर्च झाले.

महाराष्ट्रात हा विषय शासनाच्या फायलीत आला तो 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर, जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या पुनर्वसनासोबत. विदर्भाचा धडा मात्र त्याआधीचा आहे. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. 200 हून अधिक माणसे गेली. पुढे गावाला नवी जागा मिळाली. नरखेड-काटोलकडची जुनी माणसे आजही ‘मोवाडच्या पुराआधी’ आणि ‘नंतर’ अशी वर्षे मोजताना आढळतात. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा मोवाडच्या पुरानंतर चौदा वर्षांनी झाला. या कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

बचावाच्या प्रशिक्षणात नागपूर देशात फार पूर्वीपासून पुढे आहे. 1956 मध्ये रामपूर येथे सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 मध्ये नागपुरात आले. त्याच वर्षी इथे आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था निघाली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली आणि अलीकडे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडीही नागपुरातच असते, दुसरी धुळ्याला. संकटातून माणूस बाहेर कसा काढावा हे या शहराने देशभरच्या जवानांना शिकवले आहे. माणूस संकटाच्या वाटेवर राहायला जाऊ नये, हे शिकवणारे महाविद्यालय मात्र कुठेच नाही.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे हे ठळकपणे दिसले. अवघ्या काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर ते सीताबर्डीपर्यंत घरादुकानांत शिरले. एरवी ‘अंबाझरी ओव्हरफ्लो झाला’ म्हटले की नागपूरकर सहकुटुंब पाणी पाहायला निघतात. त्या पहाटे पाणीच घरी आले. किमान चार जणांचा जीव गेला, शेकडो लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले. दुसऱ्याच दिवसापासून पंचनामे सुरू झाले आणि बाधित कुटुंबाला 10,000 रुपयांची मदत जाहीर झाली. भिजलेले सोफे, फ्रिज आणि पुस्तके कितीतरी दिवस रस्त्याच्या कडेला पडून होती. सांडव्यासमोरच्या स्वामी विवेकानंद स्मारकाने पाण्याची वाट अडवली का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला.

ही वस्ती झोपडपट्टीची नव्हती, हे विशेष. जोखीम गरिबांच्याच वाट्याला येते ही सर्वसाधारण समजूत बहुतेक ठिकाणी बरोबर ठरते, पण इथे बंगले आणि तळमजल्याचे फ्लॅटही बुडाले. नदीकाठी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची पद्धत राज्यात आहे. रेषा नकाशावर असते. प्लॉट त्याआधी विकला गेलेला असतो.

विकासाचा आंतरराष्ट्रीय पैसा नागपुरात येतच नाही असे नाही. मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या बँकांनी कर्ज दिले. नाग नदीच्या प्रदूषण-निवारणाच्या 2,117 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला 2021 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. त्यात जपानच्या जायका या संस्थेचे कर्ज आहे. प्रकल्पाचा भर सांडपाणी अडवण्यावर आणि त्याच्या शुद्धीकरणावर. नदी एकच, पण सांडपाण्याचा हिशेब एका फायलीत आणि पुराचा दुसऱ्या.

पूर वर्षाआड येईल किंवा येणार नाही. ऊन दरवर्षी येते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत नागपूरचा पारा 45 अंशांच्या पार जाणे नवे नाही. मे 2024 च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातम्या झळकल्या. सेन्सर बिघडल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. ही बातमी क्षणभर का होईना खरी वाटली, यातच काय ते आले. उष्णतेवरच्या नियोजनाची दिशा दिली अहमदाबादने. मे 2010 च्या लाटेतल्या मृत्यूंनंतर तिथल्या महापालिकेने देशी-परदेशी संस्थांच्या मदतीने 2013 मध्ये उष्माघात कृती आराखडा आणला. त्याच धर्तीवर नागपुरातही असा आराखडा तयार झाला. पूर्वसूचना, दुपारी कामाच्या वेळा बदलणे, पाणपोया, दवाखान्यांत थंड खोल्या असे त्याचे साधे स्वरूप असते. खर्च फारसा नाही. अडचण आहे ती बांधकामावरच्या मजुराची, हातगाडीवाल्याची आणि टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याची. दुपारी घरी बसला तर त्याची रोजी बुडते, आणि घरात कुलर असला तरी टिन तापलेलेच.

केंद्र आणि राज्यांतली पैशाची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले : 80 टक्के प्रतिसाद व मदतीसाठी, 20 टक्के जोखीम आधी कमी करण्यासाठी. ही वाटणी देशात पहिल्यांदाच झाली. या निधीतून मदत मिळण्यासाठी केंद्राच्या अधिसूचित यादीत आपत्तीचे नाव असावे लागते. यादीबाहेरच्या स्थानिक आपत्तींसाठी राज्याला 10 टक्क्यांपर्यंतच रक्कम वापरता येते. आयोगाने गृहीत धरलेल्या त्या यादीत पूर, भूकंप, गारपीट, पिकांवरची कीड होती. थंडीची लाट होती. उष्णतेची लाट नव्हती.