वॉर्डातले आकडे: नोंदीपासून निर्णयापर्यंत

नाडी, तापमान, श्वास आणि रक्तदाब ठरावीक तासांनी टिपून ठेवायची पद्धत रुग्णालयांत जुनी आहे. कोणता आकडा दिसला की कोणी, किती वेळात धावायचं, हे ठरवणारा नियम मात्र जेमतेम तीस वर्षांचा आहे. मधल्या काळात तक्ते भरत गेले आणि निर्णय ज्याच्या-त्याच्या अनुभवावर राहिला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्येच निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यांचा रोख ढोबळ प्रश्नांवर होता. ‘रात्र बरी गेली ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं. झोप किती तास लागली आणि कोणत्या वेळी, हे विचारलं तरच काही हाती लागतं.

पुढची वाटचाल उपकरणांनी ठरवली. जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांची तापमानं मोजून 1868 मध्ये आजारागणिक तापाचे आलेख मांडले. त्या काळचा थर्मामीटर सुमारे फूटभर लांब होता आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरावा लागे. इंग्लंडमध्ये डॉक्टर ऑलबट यांनी तो सहा इंचांवर आणि पाच मिनिटांवर आणला, तेव्हा कुठे सगळ्या वॉर्डाचं तापमान घेणं आवाक्यात आलं. 1896 मध्ये इटलीतले डॉक्टर रिव्हा-रोच्ची यांनी रक्तदाब मोजायला दंडाला बांधायचा हवेचा पट्टा, म्हणजे कफ, आणला. तो फार अरुंद असल्याने रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवायचा. कफ पुढे रुंद झाला, तरी जाड दंडावर लहान कफ बांधला की आजही तीच चूक होते. 1905 मध्ये रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ऐकायचे आवाज सांगितले आणि खालचा रक्तदाबही मोजता येऊ लागला.

श्वासाच्या दराला असं उपकरण मिळालं नाही, आणि दुर्लक्षही त्याच्याच वाट्याला आलं. एकापाठोपाठ एक खाटांवर 18 किंवा 20 लिहिलेलं दिसलं, तर कोणी मोजलेलं नाही असं खुशाल समजावं. मोजायचं ते पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. आपला श्वास मोजला जातोय हे रुग्णाला कळलं, तर तो श्वास बदलतो, म्हणून बोटं मनगटावर नाडीच्या जागी ठेवून नजर छातीवर ठेवायची. जंतुसंसर्गात रक्तातलं आम्ल वाढलं की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढवतं. रक्तदाब त्यानंतर बऱ्याच वेळाने उतरतो. ऑक्सिजन लावलेला असेल तर ऑक्सिमीटरवर 97 दिसत असतानाही प्रकृतीची ही घसरण चालू असू शकते.

परिचारिकेच्या विचारप्रक्रियेचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. 1961 मध्ये अमेरिकी परिचारिका आयडा जीन ऑर्लांडो यांनी आग्रह धरला, की दिसलेल्या लक्षणावरून परिचारिकेने काढलेला अर्थ आधी रुग्णाकडून तपासून घ्यावा. 1967 पर्यंत मूल्यमापन, नियोजन, अंमलबजावणी आणि पुनर्तपासणी असे चार टप्पे रूढ होऊ लागले; 1973 मध्ये अमेरिकी परिचारिका संघटनेच्या मानकांत निदान हा टप्पाही आला. शिकवायला ही चौकट सोयीची; प्रत्यक्षात अनुभवी परिचारिका असे टप्पे पाडून विचार करत नाही, हे परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं.

खरा धक्का 1990 मध्ये बसला. रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या 64 रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात, 84 टक्के रुग्णांची प्रकृती आधीच्या आठ तासांत बिघडत असल्याच्या किंवा नव्या तक्रारींच्या नोंदी सापडल्या. म्हणजे माहिती कागदावर होती.

त्यानंतर 1997 मध्ये ब्रिटनमध्ये प्रत्येक आकडा नेहमीच्या मर्यादेपासून जितका दूर तितके जास्त गुण देण्याची पद्धत आली आणि 2012 मध्ये तिची राष्ट्रीय आवृत्ती, न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर). समजा श्वास 22, ऑक्सिजन न लावता 95 टक्के, वरचा रक्तदाब 108, नाडी 96, तापमान 38.2 अंश, आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर. यातला एकही आकडा घाबरवणारा नाही. पण गुण अनुक्रमे 2, 1, 1, 1, 1, बेरीज 6. पाच किंवा जास्त झाले की डॉक्टरांनी तातडीने पाहायचं आणि नोंदी निदान तासाला घ्यायच्या. सातला आणीबाणीचा प्रतिसाद. 2017 च्या सुधारणेत, रुग्णात नव्याने दिसणाऱ्या गोंधळलेपणाला एकदम 3 गुण मिळाले. वयस्कर माणसात संसर्गाची ती पहिली खूण असू शकते, ताप तर कधी येतच नाही.

गुणांना आंधळ्या जागा आहेत. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारं औषध, घेणाऱ्याची नाडी वाढायला हवी तिथे वाढत नाही. ‘आज हे नेहमीसारखे नाहीत’ असं घरचे सांगतात, त्याला रकाना नाही. बेरीज कमी असली तरी डॉक्टरांना बोलवावं.

आता निरीक्षणाचा मोठा भाग घरी होतो, म्हणून रुग्णशिक्षणही याच इतिहासात येतं. हृदय कमकुवत असलेल्याला ‘वजनावर लक्ष ठेवा’ एवढं सांगून भागत नाही. रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर फोन. ‘समजलं ना?’ विचारलं की मान डोलतेच. त्याऐवजी ‘वजन वाढलेलं दिसलं तर घरी काय कराल, मला सांगा’ असं म्हणायचं, आणि उत्तर अडखळलं तर वेगळ्या शब्दांत पुन्हा समजावून तेच परत विचारायचं.