विश्वसरकार (विज्ञानकथेतली संकल्पना)

पृथ्वीवरचे सगळे देश एका राजवटीखाली आलेत असं धरून ज्या विज्ञानकथा चालतात त्यांतली ही कल्पना, ग्रहताऱ्यांपर्यंत नेली की तिचं संघराज्य होतं. खरा प्रश्न पुढचा आहे, सरकार एक झालं की लोकांच्या भाषा, देव, सणवार यांचं काय होतं.

उगमाबद्दल एकमत नाही. बरेच जण इंग्रज कवी टेनिसनच्या १८४२ साली छापलेल्या 'लॉक्सले हॉल' कवितेपाशी जातात. तिच्यात आकाशातली लढाई आणि नंतर अख्ख्या मानवजातीची पार्लमेंट असं दोन्ही आहे, त्यामुळे हा दावा वजनदार वाटतो. तत्त्वज्ञानवाले जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या १७९५ च्या शांततेवरच्या निबंधापर्यंत मागे जातात, पण कांटला एकच महाराज्य नकोच होतं, स्वतंत्र राज्यांचा संघ हवा होता, आणि भाषा नि धर्म वेगळे असल्यामुळेच लोक एकमेकांत विरघळून जात नाहीत हेही त्यानेच लिहून ठेवलंय. म्हणून त्याला या कल्पनेपेक्षा तिच्यावरच्या आक्षेपाचा पूर्वज मानणं जास्त बरोबर.

कथेत ही कल्पना पक्की बसवली इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने. त्याच्या १९३३ च्या 'द शेप ऑफ थिंग्ज टू कम' मध्ये इराकमधल्या बसऱ्याला जमलेले वैमानिक-तंत्रज्ञ जगाचा कारभार हातात घेतात, पुढे धर्म मोडून काढले जातात आणि बेसिक इंग्लिश, म्हणजे मोजक्या शब्दांची सोपी इंग्रजी, सगळ्यांची भाषा होते. १९६६ पासूनच्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकन टीव्ही मालिकेत वेगवेगळ्या ग्रहांवरचे जीव एका अंतराळजहाजावर नांदतात, मात्र भाषांतराचं यंत्र असल्याने भाषेचं भांडण बहुतेक वेळा उभंच राहत नाही, शिवाय अख्ख्या ग्रहाची एकच संस्कृती. अलिबागची आगरी, रत्नागिरीकडची संगमेश्वरी आणि मालवणी एकाच किनाऱ्यावर ऐकलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विनच्या १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' कादंबरीतला ग्रहांचा संघ त्यामानाने सैल, तो नव्या जगाकडे एकटा दूत पाठवतो आणि वाट बघतो. प्रस्तुत नोंदीला हीच मांडणी जास्त खरी वाटते.

मराठीत १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली, तिथून विज्ञानकथेला जोर आला.

सरकार बदललं किंवा एक झालं की लोकांच्या ओळखीचं काय होतं, या सुरुवातीच्या प्रश्नाला कोकणातले दोन दाखले उपयोगी पडतात. अलिबागच्या बाजूचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे, घरात मराठी बोलायचे, आणि शनिवार धर्माने सुट्टीचा म्हणून त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आंग्रे गेले, इंग्रज आले, ओळख तीच राहिली. दुसरा गोव्याचा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं असा प्रश्न होता. देव तेच, सोयरिकी पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्यात, तरी सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारलं गेलं. पुढे १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली, आणि रोमी (रोमन) लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांची बरोबरीच्या दर्जाची मागणी त्यानंतरही चालू राहिली.