झाड ओळखण्याची सामूहिक रीत: ठाणे परिसराची पार्श्वभूमी

येऊरच्या जंगलात किंवा खारघरच्या टेकड्यांवर एखादे अनोळखी फूल दिसले की त्याचे छायाचित्र आयनॅचरलिस्टसारख्या ऑनलाइन व्यासपीठावर टाकायचे आणि जाणकारांच्या उत्तराची वाट पाहायची, हे ठाणे-नवी मुंबईतल्या निसर्गप्रेमींच्या आता अंगवळणी पडले आहे. एकाने पाहायचे आणि दुसऱ्याने ओळखायचे, ही त्यामागची रीत मात्र या भागात पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

मुंबई व आसपासच्या वनस्पतींची १८३९ साली प्रसिद्ध झालेली सूची जॉन ग्रॅहम या टपाल खात्यातील अधिकाऱ्याने तयार केली होती. छपाई पुरी होण्याआधीच त्याचे निधन झाले आणि उरलेला भाग निम्मो या सहकाऱ्याने तडीस नेला. १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन या वनाधिकाऱ्यांचा ग्रंथ आला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक तो आजही उघडतात. कुक मूळचे अभियंते, गिब्सन शल्यवैद्य. नोकरी सांभाळून हे काम करणाऱ्या अशा माणसांची भिस्त ठिकठिकाणच्या परिचितांनी सुकवून पाठवलेल्या नमुन्यांवर असे, आणि शंका उरली की नमुना थेट लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिसंग्रहाशी ताडून पाहावा लागे. कुडा, कारवी, पांगारा ही नावे या ग्रंथांत आली ती इथल्याच लोकांच्या तोंडून. सांगणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच नोंदली गेली, ही या इतिहासातली मोठी उणीव आहे.

पुढे ओळख पटवण्याची साधने जवळ आली. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात जेझुइट धर्मगुरू आणि वनस्पतिअभ्यासक एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाने ओळखला जाणारा वनस्पतिसंग्रह उभा राहिला. याच परंपरेतले फादर सांतापाव यांनी फर्नांडिस यांच्यासह १९५५ साली सफेद मुसळीच्या एका जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला बोरिवलीवरून ‘क्लोरोफायटम बोरिविलिएनम’ हे नाव दिले. बोरिवलीचे जंगल डोंगर ओलांडून येऊरला मिळते, त्यामुळे ठाणेकरांसाठी ही जात घरचीच म्हणायची. पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात फोडशीच्या जुड्या येतात, त्याही याच ‘क्लोरोफायटम’ प्रजातीतल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या याच गटातल्या. ती भाजी खुडणाऱ्या आदिवासी बायका कोवळ्या पातीवरून ती अचूक ओळखतात. छायाचित्रावरून जात ठरवणारा अभ्यासक मात्र बहुधा फूल येईपर्यंत थांबतो.

इंटरनेटवर २००७ साली भारतीय झाडांच्या छायाचित्रांसाठी एक ईमेल गट सुरू झाला, तोच पुढे ‘ई-फ्लोरा ऑफ इंडिया’ या नावाने वाढला. २००८ साली कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आयनॅचरलिस्टचा जन्म झाला. तिथे नोंदीला छायाचित्र, तारीख व ठिकाण असावे लागते आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक जणांचे जातीवर एकमत झाल्यावरच ती संशोधनयोग्य मानली जाते. लावलेली झाडे या वर्गात धरली जात नाहीत. सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत ही अट फार मोलाची आहे, कारण रस्त्याकडेचा गुलमोहर मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा; नुसती झाडे मोजली तर इथली मूळ वनसंपदा कोणती, हे कळणारच नाही.

२०१७पासून तिथे संगणकही नाव सुचवू लागला. त्याचा उपयोग निर्विवाद आहे, पण मिळत्याजुळत्या जातींपाशी जाणकार माणूसच लागतो. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही जोडी घ्या. दोघांनाही चीक, दोघांचीही फुले पांढरी आणि शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. पण काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्यात ते नसतात. काळ्याच्या दोन शेंगा पिकेपर्यंत टोकाशी चिकटलेल्या राहतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. औषधात पांढऱ्याच्या सालीऐवजी काळ्याची साल मिसळली जाण्याची तक्रार जुनी असल्याने हा फरक केवळ अभ्यासकांपुरता नाही. लांबून टिपलेल्या एकाच छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही, म्हणूनच जाणकार पानाची मागची बाजू, खोडाची साल, फळ आणि फुलाचा गळा यांची वेगवेगळी छायाचित्रे मागतात. ते मागणे तक्रार न करता पुरवावे. खाण्याच्या रानभाजीची खात्री मात्र केवळ छायाचित्रावरून कधीही करू नये.

जुना संग्रहही निकामी झालेला नाही. नव्या जातीला नाव द्यायचे तर जपून ठेवलेला नमुना आजही लागतोच. संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आयनॅचरलिस्टवर झाकले जाते, तेही योग्यच आहे, कारण मुसळीसारखी औषधी कंदमुळे उकरून नेणाऱ्यांना पत्ता मिळता कामा नये. स्थानिक नावे नोंदवण्याची सोय तिथे आहे, पण वारली आणि ठाकर पाड्यांवर प्रत्यक्ष बोलली जाणारी नावे अजून फारच थोडी भरली गेली आहेत. ग्रॅहम आणि कुक यांच्या काळात राहून गेलेले हे काम आता ठाण्यातल्या कोणालाही पाड्यावरच्या जाणत्या माणसांना विचारून, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या श्रेयासह करता येईल.