रात्री आठनंतर रोव्हर फिक्स का होत नाही?

घोडबंदर रोडवर दिवसा ट्रायपॉड उभा करायला जागा मिळत नाही, म्हणून आमच्याकडून जीपीएस सर्व्हेची मशीन भाड्याने नेणारे तुमच्यापैकी बरेच जण सर्व्हे रात्री काढतात. (एका जागी उभा ठेवायचा रिसिव्हर म्हणजे बेस, पॉइंटवर घेऊन फिरायचा तो रोव्हर.) मग आठ-साडेआठला आमचा फोन वाजतो: "सॅटेलाइट भरपूर दिसतायत, तरी फ्लोटवरच आहे. मशीन बदलून द्या." (फ्लोट म्हणजे जागा अजून अंदाजेच; ती सेंटिमीटरपर्यंत पक्की झाली की फिक्स.) मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात असे फोन वाढतात. तेच मशीन सकाळी आमच्या वाशीच्या गच्चीवर लगेच फिक्स होतं. बिघाड मशीनमध्ये नसतो, आकाशात असतो.

जीपीएसचा सिग्नल 20,200 किलोमीटरवरून येताना आयनोस्फिअर, म्हणजे वरच्या हवेतला विद्युतभारित थर, ओलांडतो. उन्हामुळे तिथल्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. सूर्य मावळला की खालचे इलेक्ट्रॉन भराभर कमी होतात, पण तीनशे-चारशे किलोमीटरवरचा थर दाटच राहतो. जड वर, हलकं खाली. पाण्याच्या तळाशी सापडलेलं तेल उसळून वर यावं, तसे विरळ बुडबुडे वर चढतात. सुरुवात होते चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे भारतात पार दक्षिण टोकाला. पण पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून ते आपल्या डोक्यावरही पसरतात. (यावर संशोधन करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्या कळंबोलीजवळच आहे.) सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत हा त्रासही जास्त.

या बुडबुड्यांतून येणारा सिग्नल चांदणीसारखा लुकलुकतो. रिसिव्हर 19 सेंटिमीटरच्या लाटा मोजत असतो. सिग्नल क्षणभर बुडाला की मोजणी तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. ड्युअल फ्रिक्वेन्सीने, म्हणजे दोन वेगळ्या लहरींवर मोजल्याने, थरामुळे झालेला उशीर वजा होतो, लुकलुकणं होत नाही. बेस जवळ लावूनही पूर्ण सुटका नाही, कारण आतल्या गुठळ्या काही शे मीटरच्याच असतात. बेसला एक सिग्नल मिळतो, रोव्हरला दुसरा.

म्हणून कंट्रोल पॉइंट, म्हणजे ज्यांच्या आधारावर बाकीची मोजणी होते ते बिंदू, मध्यरात्रीनंतर घ्या. पहाट सगळ्यांत चांगली. घाई असेल तर अर्धा-पाऊण तास थांबून पाहा, बुडबुडे सेकंदाला साधारण 100 मीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असतात. प्रत्येक पॉइंट तासाभराने पुन्हा मोजा. आणि कृपा करून फ्लोटमधलं रीडिंग नकाशावर चढवू नका. त्यावर पुढे कुणाची तरी भिंत उभी राहते.

बेस आणि रोव्हरमधला रेडिओ मात्र जमिनीलगत चालतो, त्याचा आयनोस्फिअरशी संबंध नाही. तो तुटत असेल तर बॅटरी, अँटेनाची वायर किंवा मधली इमारत बघा. तरीही जमलं नाही तर मशीन घेऊन या. दोष आमचा निघाला, तर त्या रात्रीचं भाडं धरणार नाही.