रिकाम्या रविवारची प्रश्नमंजुषा

इंग्लंडमधल्या पबात आठवड्यातून एकदा क्विझची रात्र असते. ती इतकी अंगवळणी पडली आहे की पबच्या काळवंडलेल्या तुळयांइतकीच जुनी असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिने जेमतेम पन्नाशी गाठली आहे. लिव्हरपूलच्या बाजूला पबांचे संघ आधीही एकमेकांशी प्रश्नोत्तरांत झुंजत, पण या खेळाचा धंदा झाला तो 1976 मध्ये. शेरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी दक्षिण इंग्लंडमध्ये 32 संघांच्या तीन लीग उभ्या केल्या. रविवारसारख्या थंड रात्री गिऱ्हाईक फिरकत नसे आणि पबमालकाला गल्ला हवा होता, एवढेच त्यामागचे कारण. प्रश्नपत्रिका हे दोघे तयार करून देत. पुढे दर आठवड्याला दहा हजारांच्या आसपास माणसे त्यांच्या प्रश्नपत्रिका सोडवू लागली.

जमीन अर्थात टीव्हीने नांगरून ठेवली होती. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम 1962 मध्ये आला, ‘मास्टरमाइंड’ हा तसलाच दुसरा 1972 मध्ये. दुसऱ्याचा जनक बिल राइट युद्धात जर्मनांच्या कैदेत होता. तिथल्या उलटतपासणीच्या आठवणीतून त्याला स्पर्धकासाठी ती काळी खुर्ची आणि तोंडावरचा झगझगीत दिवा सुचला. घरी बसून ते पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘हे तर मलाही येत होते’ असे वाटायचे. पबने त्याला ते चारचौघांत सिद्ध करायची जागा दिली, तीही हातात ग्लास असताना.

क्विझमधल्या असल्या किरकोळ माहितीला इंग्रजीत ‘ट्रिव्हिया’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधला. तीन रस्ते मिळतात ती जागा, म्हणजे आपला तिठा. तिठ्यावर जे बोलले जाते ते किरकोळच असणार, असा अर्थ त्याला मागाहून चिकटला. त्या किरकोळाला खेळाची प्रतिष्ठा मिळाली अमेरिकेत, 1965 च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठातल्या मुलांकडून. मग 1979 मध्ये मॉन्ट्रियलच्या ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट यांनी ‘ट्रिव्हिअल परस्यूट’ हा पटावरचा प्रश्नोत्तरांचा खेळ रचला. त्यावर पुढे कज्जा झाला. फ्रेड वर्थ या कोशकाराने आपल्या पुस्तकात मुद्दाम एक खोटी माहिती पेरली होती: टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचे पहिले नाव फिलिप. तेच उत्तर या खेळात निघाले! चोर रंगेहाथ सापडला, पण न्यायालयाने वर्थचा दावा फेटाळला, कारण माहितीच्या तुकड्यावर कुणाची मालकी नसते. प्रत्येक क्विझमास्टरने या निकालापुढे हात जोडावेत.

पबातले गाणे मात्र क्विझपेक्षा कितीतरी जुने. 1852 मध्ये चार्ल्स मॉर्टनने लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या आपल्या पबला जोडून कँटरबरी हॉल बांधला आणि तिथून ‘म्युझिक हॉल’ची परंपरा फोफावली. सरकारला क्विझचे कधी भय वाटले नाही, गाण्याचे वाटले. 1964 च्या मद्यपरवाना कायद्यानुसार वेगळा परवाना न काढता पबात दोनच कलाकार गाऊ-वाजवू शकत. तिसरा गिटार घेऊन उभा राहिला की पबमालक अडचणीत. प्रश्न विचारणाऱ्याला असली आडकाठी नव्हती. क्विझच्या प्रसाराला हेही एक कारण असावे, असे मला वाटते. दोघांची अट 2005 मध्ये गेली, पण तिच्याजागी आलेल्या नव्या कायद्यात एकट्या गायकासाठीही परवाना लागू लागला. म्हणजे सुटका कसली! छोट्या मैफलींना खरी मोकळीक मिळाली ती 2012 च्या ‘लाइव्ह म्युझिक ॲक्ट’मुळे. दोनशेपर्यंत (2015 पासून पाचशेपर्यंत) श्रोते असतील तर रात्री अकरापर्यंत खुशाल गा.

वसंताचे गाणे या कायद्यांच्याही आधीचे. कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टो गावात 30 एप्रिलच्या मध्यरात्री लोक ‘गोल्डन लायन’ या पबसमोर जमतात आणि वाद्यांविना मे महिन्याच्या स्वागताचे गाणे म्हणतात. दुसऱ्या दिवशी काळ्या कापडाखाली माणूस असलेला ‘ऑस’, म्हणजे घोडा, ढोल आणि अकॉर्डियनच्या तालावर गल्ल्यांतून नाचतो. त्याचा मुक्काम याच पबात. गंमत अशी की दारूबंदीवाल्यांनी या धांगडधिंग्याला पर्याय म्हणून एकोणिसाव्या शतकात दुसरा, निळ्या फितीचा घोडा पुढे केला. आता दोन्ही घोडे नाचतात, आणि पब भरलेलेच असतात.

क्विझवरचे पहिले तांत्रिक संकट संगीतफेरीच्या वाटेने आले. 2002 मध्ये ब्रिटनमध्ये शझॅम सुरू झाले. 2580 हा नंबर फिरवून फोन स्पीकरकडे धरला की गाण्याचे नाव मेसेजने येई. पुढे स्मार्टफोन आल्यावर सगळ्याच फेऱ्या धोक्यात आल्या. ‘टेबलावर फोन दिसला तर संघ बाद’ हा नियम तेव्हापासूनचा.

मार्च 2020 मध्ये महामारीमुळे पबच बंद झाले. लँकेशरच्या डार्विन गावातल्या जे फ्लिनने मित्रांपुरती ऑनलाइन क्विझ ठेवली, पण ती फक्त मित्रांपुरती मर्यादित करायला तो विसरला, आणि लाखो लोक आत आले. 30 एप्रिलच्या क्विझला, जिथे अभिनेता स्टीफन फ्रायने प्रश्न विचारले, यूट्यूबवर 1,82,513 प्रेक्षक नोंदले गेले आणि गिनेसच्या विक्रमात जागा मिळाली. त्याच रात्री पॅडस्टोचा ‘गोल्डन लायन’, देशातल्या बाकी सगळ्या पबांसारखाच, बंद होता.