किडनीच्या पेशंटला दाताचा डॉक्टर एवढे प्रश्न का विचारतो, त्यामागचा इतिहास

किडनीचा पेशंट दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेला की दाढ बघायच्या आधीच प्रश्न सुरू होतात, डायलिसिस (मशीनने रक्त साफ करणं) कोणत्या वारी असतं, त्यासाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला कुठल्या हातात आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, ट्रान्सप्लांट झालंय का व्हायचंय, आणि बऱ्याच जणांना वाटतं की दाढेचा आणि या सगळ्याचा काय संबंध. संबंध आहे आणि चांगला जुना आहे. पण यातले बहुतेक प्रश्न मात्र गेल्या साठेक वर्षांतलेच आहेत, कारण त्याआधी किडनी पूर्ण निकामी झालेला माणूस दाढ काढायची वेळ येईपर्यंत जगतच नव्हता.

सुरुवात करायची तर १८२७ पासून. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी त्या वर्षी दाखवून दिलं की अंगावर सूज, लघवीतून जाणारं प्रोटीन आणि खराब झालेली किडनी हे एकाच आजाराचे भाग आहेत. लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची, प्रोटीन असेल तर ती गढूळ होऊन गोठायची, एवढीच टेस्ट होती. पुढे शंभर वर्षं लोक या आजाराला ब्राइटचा आजार असंच म्हणत. उपचार काहीच नव्हता, म्हणून डॉक्टर लक्षणंच बारकाईने बघायचे आणि तोंडात बघण्यासारखं भरपूर होतं. रक्तात युरिया, म्हणजे किडनीने बाहेर टाकायची घाण, वाढला की तो लाळेतही वाढतो, तोंडातले बॅक्टेरिया त्याचा अमोनिया करतात, म्हणून श्वासाला लघवीसारखा वास आणि जिभेवर धातूसारखी चव. १८८९ मध्ये फ्रान्सच्या बारिए यांनी याच पेशंटच्या तोंडातले पांढरे चट्टे आणि जखमा यांवर सविस्तर लिहिलं. हा प्रकार आता क्वचितच दिसतो, कारण युरिया तेवढा वाढायच्या आधीच डायलिसिस सुरू होतं आणि युरिया उतरला की तोंड बहुतेक वेळा आपोआप बरं होतं.

याच लाळेची दुसरी बाजू फार कमी लोकांना माहीत असते. दात किडतो तो ॲसिडने, आणि अमोनियामुळे लाळ ॲसिडच्या उलट बाजूला झुकते, त्यामुळे किडनीच्या अनेक पेशंटमध्ये, विशेषतः लहान मुलांमध्ये, दात अपेक्षेपेक्षा कमी किडलेले आढळले. पण म्हणून निर्धास्त राहायचं नाही, कारण त्याच लाळेमुळे दातांवर किटण जास्त आणि लवकर साठतं आणि मग हिरड्या सुजतात, रक्त येतं.

मधल्या काळातलं एक प्रकरण वाचताना मला खरंच वाईट वाटतं. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडात मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं की तोंडातल्या जुनाट इन्फेक्शनमुळे शरीरात दूरदूरचे आजार होतात. पुढची वीसेक वर्षं ही कल्पना इतकी चालली की सांधेदुखी असो, किडनीची सूज असो, संशय दातांवर, आणि लोकांचे धडधाकट दात सरसकट उपटले गेले. नंतर लक्षात आलं की दात काढूनही बहुतेकांचा मूळ आजार होता तसाच राहतो आणि चाळीसच्या दशकापर्यंत ती लाट ओसरली. तिचा दुसरा तोटा असा की त्यानंतर बराच काळ तोंड आणि बाकी शरीर यांचा संबंध जोडायलाच डॉक्टर बिचकायला लागले. दोन्ही टोकं चुकीची होती आणि दोन्हींची किंमत पेशंटनेच मोजली.

खरा बदल डायलिसिसने झाला. १९२४ मध्ये जर्मनीत गेओर्ग हास यांनी माणसावर पहिल्यांदा डायलिसिस केलं, जेमतेम १५ मिनिटं. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेलं औषध वापरलं, ते त्रासदायक होतं, नंतर त्यांनी हेपॅरिन वापरून बघितलं आणि आजही डायलिसिसमध्ये मुख्यतः हेपॅरिनच वापरतात. १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजचं सेलोफेनचं आवरण फिरत्या ड्रमवर गुंडाळून मशीन बनवलं, सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट गेले तरी ते थांबले नाहीत आणि १९४५ मध्ये कोमात गेलेली ६७ वर्षांची एक बाई त्या मशीनमुळे शुद्धीवर आली. तरीही हे सगळं थोड्या दिवसांपुरतंच होतं, दरवेळी नवीन रक्तवाहिनी उघडावी लागायची. १९६० मध्ये सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची राहील अशी टेफ्लॉनची नळी बसवली आणि १९६६ मध्ये हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला आला. तिथून लोक डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगायला लागले, १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून सरकारी विम्यात हा खर्च घेतला तेव्हा पेशंटची संख्या खूप वाढली आणि मग हे लोक दातांच्या दवाखान्यात यायला लागले.

आता नवीन अडचणी कळायला लागल्या. पहिली रक्ताची. किडनी फेल असली की प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, आकडा ठीक दिसला तरी त्या नीट काम करत नाहीत, त्यात डायलिसिसच्या वेळी दिलेलं हेपॅरिन, म्हणजे त्याच दिवशी दाढ काढली तर रक्त लवकर थांबत नाही. हेपॅरिनचा असर काही तासांत उतरतो आणि डायलिसिस झाल्यावर रक्तातली घाणही कमी झालेली असते, म्हणून दुसरा दिवस सगळ्यात चांगला. वार विचारतात तो यासाठी. फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, त्या हातात सुई टोचायची नाही, कारण तो फिस्टुला बंद पडला तर डायलिसिसच अडतं.

दुसरी गोष्ट हाडांची. १९७० मध्ये कळलं की व्हिटॅमिन डी चं शेवटचं, कामाचं रूप किडनीत तयार होतं. किडनी गेली की कॅल्शियमचा हिशोब बिघडतो, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतात आणि जबडाही त्यातून सुटत नाही. एक्स-रेमध्ये दाताच्या मुळाभोवतीची पांढरी रेघ पुसट होते, दात हलायला लागतात, आणि वाढत्या वयातल्या मुलांच्या दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरणच, कच्चं राहतं.

ट्रान्सप्लांटची गोष्ट वेगळीच. १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांच्या टीमने जुळ्या भावाची किडनी बसवली, ती टिकली कारण भाऊ हुबेहूब जुळे होते. बाकीच्यांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागली आणि १९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला मंजुरी मिळाल्यावर ट्रान्सप्लांट टिकण्याचं प्रमाण चांगलंच सुधारलं. पण त्याच सुमारास दिसायला लागलं की या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात, आणि जोडीला बीपीची निफेडिपिनसारखी गोळी असेल तर आणखी जास्त. नंतर त्याच कामासाठी आलेल्या टॅक्रोलिमस या औषधात हा त्रास बराच कमी आहे. पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात सडलेली दाढ म्हणजे इन्फेक्शनचा धोका, म्हणून ट्रान्सप्लांटच्या आधी दातांची पूर्ण तपासणी करून घ्यायची पद्धत पडली. पेशंटला वाटतं ऑपरेशन आधी आणि दातांचं नंतर बघू, पण नंतर तेच काम जास्त जोखमीचं होतं.

औषधांचा धडा त्याहून जुना आहे. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी दाखवलं की फेनासेटिन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या किडन्या खराब होतायत. ते औषध पुढे बाजारातून गेलं, पण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या आजही दाढदुखीवर सर्रास घेतल्या जातात आणि आधीच कमजोर असलेल्या किडनीचा रक्तपुरवठा त्या आणखी कमी करतात. अशा पेशंटला शक्यतो पॅरासिटामॉल देतात. अँटिबायोटिकचा डोसही किडनी बघून ठरवावा लागतो. भूल द्यायचं लिडोकेन मात्र मुख्यतः लिव्हरमधून जातं, त्यामुळे इंजेक्शनची भीती नको.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी किडनीच्या जुनाट आजाराच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि तेव्हा ठळकपणे पुढे आलं की डायलिसिसवरचे लोक थोडे, पहिल्या पायऱ्यांवरचे खूप जास्त, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पत्ताच नसतो. हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांमध्ये किडनीचं काम कमी झालेलं जास्त आढळतं असं २००५ पासूनचे मोठे अभ्यास सांगतायत, म्हणजे १९१० चा तो विषय परत आलाय, यावेळी आकडे हातात घेऊन. हिरड्यांवर उपचार केले की शरीरातली सूज कमी होते हे दिसलंय, त्याने किडनीचा आजार खरोखर मंदावतो का हे मात्र अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे दात उपटायची घाई आता कोणी करत नाही, हिरड्या मात्र नीट साफ करून घ्यायला सांगतात.